भामरागडच्या पुरासाठी एक उडता टॉवर राखून ठेवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

३ मे २०२५ रोजी डीआरडीओनं मध्य प्रदेशातल्या श्योपूरहून हवेपेक्षा हलकं, बिनमाणसाचं एक हवाई जहाज सुमारे १७ किलोमीटर उंचीवर नेलं आणि ६२ मिनिटांनी परत उतरवलं. टेहळणीसाठी त्याचा कसा उपयोग होईल यावर तेव्हा बरंच बोललं गेलं. पण अशा यानावर दळणवळणाची यंत्रंही बसतात, आणि तशा यंत्रांची गरज आमच्या गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण भागाला फार आहे. याबद्दल कुणी बोलताना दिसत नाही, म्हणून हे पत्र.

मी दूरसंचार खात्यात लाईनमन म्हणून लागलो आणि टॉवरच्या देखभालीचं काम करता करता निवृत्त झालो. आलापल्ली, एटापल्ली, भामरागड, सिरोंचा हा माझा पट्टा. खांबावरच्या तारा, मायक्रोवेव्हच्या डिश, टू-जी, फोर-जी, सगळं या हातांखालून गेलं. भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतमी आणि इंद्रावती या तीन नद्या भेटतात. पावसाळ्यात इंद्रावती फुगली की पर्लकोटेचं पाणी तुंबतं, पुलावर चढतं आणि तालुका तुटतो. २०१९ आणि २०२२ चे पूर लोक अजून विसरलेले नाहीत. रस्ता बंद होणं इथल्या माणसाला नवीन नाही, त्यासाठी तो घरात तांदूळ-मीठ भरून ठेवतो. फोन बंद होणं मात्र आता सोसवत नाही. १०८ ची गाडी, रेशनचा अंगठा, आशाताईचा निरोप, बाहेर कामाला गेलेल्या पोराची खुशाली, सगळं रेंजच्या त्या दोन दांड्यांवर येऊन ठेपलं आहे. लोक फोन पन्नीत गुंडाळून टेकडीवर चढतात आणि एकमेकांना विचारतात, "येऊन राहिली का रे रेंज?"

पुरात टॉवर पडत नाही, हे वाचकांनी ध्यानात घ्यावं. तो जागच्या जागी उभाच असतो. आधी कुठेतरी तारेवर झाड पडून वीज जाते. मग खोलीतली बॅटरी बँक भार घेते. दोन-दोन व्होल्टचे चोवीस सेल, मिळून ४८ व्होल्ट. जनरेटर असतो, पण डिझेल घेऊन निघालेली गाडी नाल्याच्या पलीकडे अडकलेली असते. मीटरवरचा आकडा ५० वरून ४८, ४८ वरून ४६ असा उतरत जातो आणि ४४ च्या आसपास यंत्र आपणहून लाईन तोडतं, कारण त्याखाली गेली तर बॅटरीच कामातून जाईल. शिवाय रस्त्याच्या कडेनं गाडलेली ओएफसी, म्हणजे टॉवरला बाहेरच्या जाळ्याशी जोडणारी काचतंतूंची केबल, असते. रपट्याजवळ रस्ता खरडून गेला की तीही तुटते. मग बॅटरीत जीव असूनही टॉवरचा उपयोग शून्य, कारण त्याचं बोलणं पुढे न्यायला वाटच उरत नाही.

एका पावसाळ्यात मी अशाच एका टॉवरच्या खोलीत अडकलो होतो. आरोग्य केंद्रातल्या सिस्टर भिजत तिथे आल्या. एका पोराला साप चावला होता. लस जवळ होती, पण डॉक्टर पलीकडच्या काठाला राहिले होते, पोराच्या पापण्या जड होऊ लागल्या होत्या आणि पुढचा डोस किती नि केव्हा द्यायचा हे विचारायचं होतं. मी डेटाची कार्डं काढली, एक सोडून बाकीचे सेक्टर, म्हणजे इतर दिशांना तोंड असलेले अँटेना, बंद केले, म्हणजे उरलेली बॅटरी नुसत्या बोलण्याला पुरेल. सिस्टरांनी फोन खांद्यात धरला आणि डॉक्टर सांगतील ते तळहातावर पेननं लिहून घेतलं. ओल्या हातावर शाई फुटत होती, म्हणून प्रत्येक आकडा त्या मोठ्यानं म्हणत होत्या आणि मी तो खोलीतल्या लॉगबुकात उतरवत होतो. पोरगं वाचलं. थोड्याच वेळात टॉवर बंद पडला. त्यानंतर पूर ओसरेपर्यंत त्या पट्ट्यात कुणाचं काय झालं, हे बाहेर कुणाला कळायला मार्ग नव्हता.

आता उंचीचा हिशेब. ४० मीटरच्या टॉवरवरून क्षितिज साडेबावीस किलोमीटरवर येतं, तेही जमीन सपाट असेल तर. आमच्याकडे सागवान आणि टेकड्या. त्यामुळे प्रत्यक्षात पाच-सात किलोमीटर मिळाले तरी भरपूर. तीन किलोमीटर उंचीवर घिरट्या घालणाऱ्या विमानाला १९५ किलोमीटरपर्यंतचं दिसतं, आणि वीस किलोमीटरवरच्या यानाला ५०० किलोमीटरपर्यंतचं. अगदी क्षितिजापर्यंत फोन लागणार नाही, तिरप्या कोनात पुन्हा झाडं आणि डोंगर आड येतातच. पण यानाच्या खालचं ७० किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ धरा. त्याचं क्षेत्रफळ १५ हजार चौरस किलोमीटरच्या वर जातं, आणि आमचा अख्खा जिल्हा १४,४१२ चौरस किलोमीटरचा आहे. जिल्हा दक्षिणोत्तर लांब असल्यानं तो वर्तुळात नेमका बसणार नाही, पण भामरागड, एटापल्ली, अहेरी आणि सिरोंचाचा बराचसा भाग एका यानाखाली यायला हरकत नाही.

अंतराचीही अडचण नाही. टू-जीमध्ये सिग्नलला जायला-यायला किती वेळ लागतो याच्या हिशेबामुळे टॉवरपासून ३५ किलोमीटरच्या पलीकडचा फोन साधारणपणे घेतलाच जात नाही, सिग्नल कितीही स्वच्छ असो. फोर-जीत ही मर्यादा १०० किलोमीटरपर्यंत जाते. डोक्यावर वीस किलोमीटर उंच असलेलं यान या मर्यादेच्या बरंच आत आहे. ३६ हजार किलोमीटरवरच्या उपग्रहासाठी डिश लागते, आणि मुसळधार पावसात त्या डिशचा सिग्नल किती पडतो हे ज्यानं ती सांभाळली त्यालाच ठाऊक. यानाशी मात्र खिशातला साधा फोन बोलू शकतो. दुबईत २०२३ च्या अखेरीस झालेल्या जागतिक रेडिओ परिषदेत अशा उंचावरच्या टॉवरसाठी मोबाईलच्याच काही वारंवारता मोकळ्या केल्या गेल्या आहेत.

विमानाच्या जोरावर संपर्काचं जाळं विणणं विदर्भाला नवीन वाटू नये. १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली, तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासहून रोज रात्री विमानं निघत, मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरला जमत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करत आणि सकाळच्या आत आपापल्या शहरी परतत. खात्यातली जुनी माणसं हे मोठ्या अभिमानानं सांगायची. तिकडे अमेरिकेत १९६० च्या दशकात इंडियाना राज्यातल्या पर्ड्यू विद्यापीठातून डीसी-६ जातीची विमानं उडत, सुमारे २३ हजार फुटांवर घिरट्या घालत आणि सहा राज्यांतल्या शाळांना दूरचित्रवाणीवरून धडे पुरवत. १९६८ पर्यंत ते चाललं. त्याच देशाच्या हवाई दलानं फेब्रुवारी १९६१ ते जुलै १९९० अशी सलग एकोणतीस वर्षं एक ना एक आदेश-विमान सतत आकाशात ठेवलं होतं, जमिनीवरचं मुख्यालय उद्ध्वस्त झालं तरी हुकूम पोचावेत म्हणून.

पण आमच्या कामाचा धडा अफगाणिस्तानातला आहे. तिथल्या डोंगरदऱ्यांत अमेरिकी पायदळाचा वायरलेस दरीच्या बाहेर पोचत नव्हता. म्हणून त्यांनी बीएसीएन नावाची यंत्रणा काढली. उद्योगपती वापरतात तशा छोट्या जेट विमानांत आणि ग्लोबल हॉक या बिनमाणसाच्या विमानात रेडिओची यंत्रं बसवली आणि ती तासन्‌तास वर फिरती ठेवली. आवाज डोंगरापलीकडे पोचवणं हे तिचं निम्मंच काम. उरलेलं निम्मं असं, की लढाऊ विमानाचा सेट आणि पायदळाचा सेट एकमेकांशी बोलत नाहीत, दोघांची वारंवारता वेगळी आणि पद्धतही वेगळी. बीएसीएन दोघांच्या मधे राहून एकाचं बोलणं दुसऱ्याच्या सेटवर ऐकू येईल असं बदलून देतं. मला हे काम पहिल्यापेक्षा मोलाचं वाटतं.

कारण पुराच्या काठावर मी काय पाहिलं आहे ते सांगतो. पोलिसांचा वायरलेस वेगळा. वनखात्याच्या वॉकीटॉकी वेगळ्या. बोट घेऊन येणाऱ्या बचाव पथकाचे सेट वेगळे. महसूलच्या साहेबांच्या हातात मोबाईल, तो बंद. चौघं एकाच वडाखाली उभे, आणि एकाचा निरोप दुसऱ्याच्या पलीकडच्या माणसापर्यंत पोचवायला कोतवाल चिखलातून पळतो आहे. नाल्याच्या त्या बाजूला वनरक्षकाला दिसतं की पाणी वाढतं आहे, तो आपल्या सेटवर सांगतोही, पण ज्यांची बोट निघते आहे त्यांच्या कानावर ते जात नाही. अशा वेळी चारही सेट ऐकणारं एक यंत्र डोक्यावर असतं, तर त्याची किंमत काय झाली असती याचा हिशेब पैशात मांडता येणार नाही.

सैन्याची ही सोय फुकट झालेली नाही, हेही सांगायला हवं. २७ जानेवारी २०२० रोजी बीएसीएनचं एक विमान इंजिनातल्या बिघाडानंतर गझनी प्रांतात कोसळलं आणि त्यातले दोघंही गेले. त्यामुळे ऐन वादळी पावसात माणूस बसलेलं विमान रात्रंदिवस फिरवत ठेवा, असं मी म्हणणार नाही. आपल्या हवाई दलाकडे २०१७ पासून नेत्रा ही आकाशातून रडारनं टेहळणी करणारी विमानं आहेत. ती देशाच्या रक्षणाच्या कामाला जुंपलेली आहेत आणि तिथेच राहावीत. आमच्यासाठी हवी आहे त्या विद्येतली एक छोटी, स्वस्त, बिनमाणसाची शाखा.

नागरी बाजूला दोन घटना जिल्हाधिकारी कार्यालयातल्या आपत्ती कक्षानं भिंतीवर लावून ठेवाव्यात. गूगलच्या घरातल्या लून नावाच्या प्रकल्पात वीस किलोमीटर उंचीवर फुगे सोडून मोबाईल सेवा देत. सप्टेंबर २०१७ मध्ये मारिया चक्रीवादळानं पोर्तो रिको बेट झोपवलं, तेव्हा फुगे तयार होते. पण स्थानिक कंपन्यांशी करार नव्हता, परवानगी नव्हती, जमिनीवर जोडणी नव्हती. सेवा सुरू व्हायला महिना गेला. मे २०१९ मध्ये पेरूच्या ॲमेझॉन भागात मोठा भूकंप झाला. तिथल्या कंपनीशी जोडणी आधीच झालेली होती, आणि दोन दिवसांत लोकांचे फोन लागले. फुगे तेच, माणसंही तीच, फरक आधी केलेल्या कागदपत्रांचा. लून २०२१ मध्ये बंद पडलं, कारण त्याचा रोजचा धंदा बसला नाही. फेसबुकचं अक्विला नावाचं सौर विमानही २०१८ मध्ये गुंडाळलं गेलं. पण रोजच्या धंद्यात न बसणारी वस्तू पुराच्या आठवड्यात उपयोगाची नसते, असं कोण म्हणेल? अग्निशमनाची गाडीही नफ्यासाठी कुणी ठेवत नाही.

सौर यानांचं काय, असं तरुण मंडळी विचारतील. एअरबसचं झेफायर २०२२ मध्ये सलग ६४ दिवस वर राहिलं होतं, पंख २५ मीटरचे आणि वजन अवघं ७५ किलो. बेंगळुरूच्या नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीजनं फेब्रुवारी २०२४ मध्ये चल्लाकेरे इथे २३ किलोचं लहान सौर विमान सुमारे तीन किलोमीटर उंचीवर साडेआठ तास उडवलं. आपल्या माणसांनी केलेलं हे काम मला फार आशेचं वाटतं. मात्र विदर्भाच्या दृष्टीनं एक खरी अडचण आहे. आमच्याकडे यानाची गरज जुलै-ऑगस्टमध्ये लागते, आणि त्याच वेळी पावसाळी ढगांचे माथे १६-१७ किलोमीटरपर्यंत चढतात. इतकं हलकं यान त्या ढगांतून वर न्यायचं म्हणजे ते मोडून घेणं. ते मे महिन्यात, आकाश मोकळं असताना वर चढवून, वीस किलोमीटरवर सप्टेंबरपर्यंत राखावं लागेल. तेवढा दम अजून आपल्या यानांत आलेला नाही, येईपर्यंत काही वर्षं जातील.

काही जण म्हणतात की प्रवासी विमानांनाच एकमेकांशी जोडून आकाशात जाळं उभं करता येईल. नागपूरवरून देशाच्या चारही दिशांची विमानं जातात, खेड्यातल्या अंगणातूनही त्यांच्या रेषा दिसतात. ३५ हजार फुटांवरची दोन विमानं सातशे किलोमीटर अंतरावरूनही एकमेकांना पाहू शकतात, हे खरं. मुख्य वाहिनी म्हणून ही कल्पना चालेल. पण ताशी ९०० किलोमीटर वेगानं जाणारं विमान आमच्या तालुक्यावरून काही मिनिटांत निघून जातं, आणि वादळ असलं की वळसा घालून जातं. ज्या रात्री गरज, त्याच रात्री ते नसणार.

आज करता येण्याजोगी गोष्ट वेगळी आहे आणि साधी आहे. दोरानं बांधलेला ड्रोन. दोरातूनच वीज वर जाते आणि दोरातूनच डेटा खाली येतो, त्यामुळे बॅटरी संपायचा प्रश्न नाही. पोर्तो रिकोतच एटी अँड टी कंपनीनं असा ड्रोन सुमारे दोनशे फुटांवर उभा करून चाळीस चौरस मैल, म्हणजे शंभर चौरस किलोमीटर भागात फोन चालू करून दिले होते. आपल्या २०२१ च्या ड्रोन नियमांत हिरव्या पट्ट्यात, म्हणजे नकाशावर ड्रोनसाठी मोकळ्या दाखवलेल्या भागात, ४०० फुटांपर्यंत उडवायला वेगळी हवाई परवानगी लागत नाही. भामरागड, एटापल्ली आणि सिरोंचा, तीन ठिकाणी तीन संच, प्रत्येकासोबत छोटा जनरेटर आणि एक उपग्रह जोडणी. हे संच पावसाळ्याआधीच त्या गावात पोचलेले हवेत. पूर आल्यावर नागपूरहून निघालेला संच नाल्याच्या अलीकडेच अडकणार. जोराच्या वाऱ्यात ड्रोन खाली घ्यावा लागेल, ते मान्य. पण पूर बहुतेक वेळा वरच्या खोऱ्यातल्या पावसानं येतो. वारा पडलेला, पाऊस थांबलेला आणि पाणी मात्र चढत असलेलं, असे कितीतरी तास मिळतात.

हे वाचून कुणी असा समज करून घेऊ नये की टॉवर कमी केले तरी चालतील. बॅटरी वाढवा, सौर पॅनल लावा, केबलला दुसरी वाट द्या, ही मागणी आम्ही आधीपासून करत आलो आहोत आणि ती कायम आहे.

आणखी एक गोष्ट गडचिरोलीत राहणारा माणूसच बोलेल. आमच्या गावांवर काही उडताना दिसलं की लोक आधी घाबरतात. या जिल्ह्यानं टॉवर जळताना पाहिले आहेत, बंदुकीच्या दोन्ही बाजूंमध्ये गावं भरडली गेलेली पाहिली आहेत. म्हणून पुरासाठी ठेवलेल्या यंत्रावर कॅमेरा नसावा. ते ग्रामसभेत आणून, जमिनीवर ठेवून, उघडून दाखवावं, इथल्या माडिया बोलीत समजावून सांगावं. त्याचा ताबा महसूल आणि आरोग्य विभागाकडे असावा. लोकांचा विश्वास बसला तर ते स्वतः त्याचा दोर धरतील.

खर्चासाठी डिजिटल भारत निधी आहे. दुर्गम भागातल्या दूरसंचारासाठीच तो उभारलेला आहे. चक्रीवादळाच्या वेळी दूरसंचार विभाग एका कंपनीचा फोन दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवर चालू करून देतो, तीच सोय या उडत्या टॉवरला पहिल्या मिनिटापासून लागू असावी. तो आदेश पूर आल्यावर निघता कामा नये, आधीच सही होऊन फाईलमध्ये असावा. पोलीस, वनखातं आणि बचाव पथक यांच्या वारंवारतांची एकत्र यादी करून संचात भरून ठेवावी, म्हणजे त्या वडाखालच्या चौघांना एकमेकांचं ऐकू येईल.

मे महिन्यात दरवर्षी मान्सूनपूर्व तयारीची बैठक होते. येत्या बैठकीत हा विषय घ्यावा आणि पहिला सराव भामरागडला, पर्लकोटेच्या काठावर करावा. कोणत्या टेकडीवरून कोणतं गाव दिसतं, कोणत्या खोलगटात सिग्नल मरतो, कोणत्या रपट्याला केबल तुटते, याची माहिती माझ्यासारख्या निवृत्त लाईनमनांच्या वह्यांत आहे. आलापल्ली आणि सिरोंच्याच्या सहकाऱ्यांशी माझं बोलणं झालं आहे. बोलावलं तर आम्ही त्या वह्या घेऊन बैठकीला येऊ.

आपला,
एक निवृत्त दूरसंचार कर्मचारी
ता. अहेरी, जि. गडचिरोली